ताट एकाच मोलाचे

‘नवी मंडळी आपल्याकडे फिरकत नाहीत’ ही तक्रार इंदूरच्या मराठी संस्थांच्या सभांतून हमखास ऐकू येते. तक्रार करणारे आपण सारे होळकरांच्या अमदानीपासून येथे स्थिरावलेल्या घरांतले. ही नवी मंडळी जेथे जेवतात तेथे आपण कधी गेलो, असा माझा उलट प्रश्न आहे.

आमची सौभाग्यवती मुलीकडे पुण्यास गेली असता महिनाभर मी भंवरकुआ भागातील एका खानावळीत जेवलो. हा परिसर शिकवणी वर्गांचा, खानावळीही विद्यार्थ्यांच्याच. लांब बाके, खणांची स्टीलची ताटे, आणि जागा मिळेल तेथे बसायचे. पहिल्याच दिवशी समोर बुऱ्हाणपूरकडचा एक मराठी मुलगा आला. मी सवयीने आडनाव विचारले. तो क्षणभर थांबला, आडनावाऐवजी गावाचे नाव सांगून वरणात पोळी कुस्करू लागला. (या चौकशीत काय दडलेले असते ते आपणांस ठाऊक आहे.) चौथ्या दिवशी तो आपणहून बोलला. स्पर्धा परीक्षेसाठी तो भू-राजस्व संहिता वाचत होता. तीच १९५९ची संहिता मी तीस वर्षे राबविली. नामांतरणावरून आमचा वाद झाला, आणि २०१८च्या दुरुस्तीमुळे त्याचेच म्हणणे बरोबर निघाले. मी तत्पूर्वीच निवृत्त झालो होतो.

कोणी म्हणतील, आतिथ्य आमच्या रक्तातच आहे. आजोबांच्या घरी वार लावून जेवणारे विद्यार्थी असत. आमच्याही घरी असत. परंतु मुलगा कोणत्या जातीचा हे आधी पाहिले जाई, आणि उपकाराच्या ओझ्याने तो जेवताना मान वर करीत नसे. त्यांपैकी एकाचेही नाव आज आमच्या घरात कोणास आठवत नाही. शासकीय सेवेत असताना दौऱ्यावर विश्रामगृहात माझे ताट आत वाढले जाई व पटवारी बाहेर ओट्यावर जेवत. तेव्हा मला त्यात काही वावगे वाटले नाही, हेही येथे नमूद करतो. खानावळीत मात्र यजमान कोणीच नसतो. दोघांनीही तेवढेच पैसे मोजलेले असतात, म्हणून तो मुलगा माझ्याशी वाद घालू शकला.

आपल्या स्नेहभोजनांचे काय? महागडी कूपने, भाड्याचे सभागृह, आणि बसणे त्याच चार घरांबरोबर. आपल्याच एका संस्थेत एक नवे जोडपे तासभर खांबापाशी ताटे घेऊन उभे होते. मीही त्यांच्याजवळ गेलो नाही. पेढ्या बंद झाल्यावर सराफ्यात रात्री जी खाऊगल्ली मांडली जाते, तेथेही आपण भुट्ट्याचा कीस खातो तो आपल्याच घोळक्यात, रस्त्याकडे पाठ करून.

स्वच्छतेचा आक्षेप येईलच. त्या खानावळीत महिनाभर माझे पोट एकदाही बिघडले नाही. गतवर्षीच्या स्नेहभोजनानंतर किती जणांनी वैद्य गाठला, ते कार्यकारिणीने आठवून पाहावे.

यंदाच्या कोजागरीस सभागृह आरक्षित करण्याऐवजी दोघा-दोघांनी अशा एकेका खानावळीत जावे, असा माझा प्रस्ताव आहे. ओळखीच्या दोघांनी शेजारी बसू नये, आणि आडनाव विचारू नये. रात्री नऊनंतर भाजी संपते. सुटे पैसे जवळ ठेवावेत. ज्यांचे गुडघे दुखतात, त्यांच्यासाठी तेथे बाके आहेतच.