बाटली उभी, धनी आडवा

दारूच्या दुकानावर गांवांत मतें घेतात तेव्हां कागदावर दोनच चित्रें असतात : उभी बाटली व आडवी बाटली. बाटली उभी राहिली कीं घरचा धनी आडवा होतो, हें आमच्या मायबहिणींस कोणी शिकवावयास नको! पेंडीचा पैसा गुत्त्यांत जातो. बैल उपाशी उभा, आणि धनी त्याच्याच शेणांत पसरलेला! मात्र 2008 च्या सरकारी नियमांत एक मेख आहे. बायकांचें मतदान असेल तर यादींतल्या सगळ्या बायकांपैकीं निम्म्याहून अधिक मतें आडव्या बाटलीस पडलीं पाहिजेत. म्हणजे जी बाई खुरपणीस गेली, तिचें मत उभ्या बाटलीच्याच पदरांत पडलें. दुकानदारास आणखी काय हवें? त्या दिवशीं खुरपें घरीं ठेवावें, आणि धनी शुद्धीवर असल्यास पोरें त्याच्या हवालीं करावीं.