सावली गाडीबरोबर न्या



मार्च लागला की वस्त्यावस्त्यांतून महाडला जाण्याची बोलणी सुरू होतात. वर्गणी निघते, ट्रॅक्स किंवा टेम्पो ट्रॅव्हलर ठरते, भाकरी कोणी करायच्या आणि भाजी कोणी आणायची याची वाटणी होते. २० मार्चच्या मागोमाग १४ एप्रिल येतो, मग वैशाख पौर्णिमा. आपले हे तिन्ही दिवस ऐन उन्हाळ्यातले. पण गाडी तिथे पोहोचल्यावर दुपारी बारा ते चार माणसांनी बसायचे कुठे, याचा विचार वर्गणीच्या बैठकीत सहसा होत नाही. गाडीचा पत्रा तापलेला असतो, आत बसवत नाही. झाडाखालची जागा आधी आलेल्यांनी धरलेली असते. मग आजी कोणाच्या तरी दुकानापुढे अंग चोरून उभी राहते आणि तान्ह्या मुलाची आई डोक्यावरचा पदर पुढे ओढून उन्हातच त्याला पाजते.

ही नुसती गैरसोय नव्हे. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला 'महाराष्ट्र भूषण' पुरस्काराच्या सोहळ्यास लाखो माणसे उघड्या मैदानात बसली होती. त्यातले १४ जण उष्माघाताने दगावले. मोठ्या कार्यक्रमात लोकांसाठी मंडप हवा, ही मागणी आपण लावून धरलीच पाहिजे. पण तोवर आपली सावली आपण बरोबर न्यावी, असे आमचे म्हणणे आहे. महाडलाच डिसेंबर १९२७ च्या सत्याग्रह परिषदेच्या वेळी मंडपाला कोणी जागा देईना. अखेर फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी आपली जागा दिली. सावली दुसऱ्याकडे मागावी लागते तेव्हा काय होते, हे आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको.

आम्ही पडलो कारकून. काम हाती घेण्याआधी सामानाची यादी करतो. १२ बाय ९ फुटांची एक ताडपत्री, जिच्या कडांना पितळी रिंगा आहेत अशी. तीन बांबू, गाडीच्या टपावरच्या कॅरियरपेक्षा फूटभर कमी उंचीचे. नायलॉनची दोरी, दीड फुटाच्या तीन लोखंडी मेखा, सायकलची जुनी ट्यूब आणि एक जुनी सुती नऊवारी. बांबू आणि साडी वस्तीतच मिळते, विकत घ्यायची ती मुख्यतः ताडपत्री. एवढ्यात बारा-तेरा माणसे आरामात बसतात.

ताडपत्रीची लांब बाजू कॅरियरला बांधावी. एकच लांब दोरी ओवू नये, प्रत्येक रिंगेला दोन-दोन फुटांचा वेगळा तुकडा घ्यावा. एक तुटला तरी बाकीचे धरून राहतात. एखादी रिंग निघाली असेल तर ताडपत्रीत सुपारीएवढा गोटा धरून त्याच्या मुळाशी दोरी आवळावी, ती निसटत नाही. पुढच्या बाजूला तीन बांबू, दोन कोपऱ्यांना आणि एक मध्ये. बांबू पेराच्या वर चार बोटे सोडून कापावा, म्हणजे टोक चिरत नाही. टोकाला खाच पाडून खाली ट्यूबची पट्टी गुंडाळावी, म्हणजे दोरी घसरत नाही. प्रत्येक बांबूच्या डोक्यावरून तणावा बाहेर ओढून मेखेला बांधावा. मेख उभी ठोकू नये, तिचे डोके सावलीपासून बाहेरच्या बाजूला कललेले असावे. डांबरी जागेवर मेख बसत नाही, तिथे पाण्याने भरलेले वीस लिटरचे कॅन तणाव्याला बांधावेत. तणाव्यांना पांढऱ्या चिंध्या लावाव्यात, नाहीतर धावणारी मुले अडखळतात.

आता साडीचे काम. नुसती ताडपत्री लावली तर अर्ध्या तासात तीच तापते आणि डोक्यावर धग सोडते. म्हणून तिच्याखाली वीतभर अंतर ठेवून दुसरा थर हवा. नऊवारी मधोमध कापली की साडेतेरा फुटांचे दोन तुकडे होतात. ते लांबीला जोडून शिवले की साडेसात फुटांचा पन्हा मिळतो. गाडीकडे दीडेक फूट कापड कमी पडते, तिथे नाडीचे बंद शिवून ते कॅरियरला बांधावेत. मधल्या फटीतून वारा खेळतो, धग खाली उतरत नाही. आणखी एखादी साडी उरली तर ती एका कडेला पडदा म्हणून सोडावी. मुलाला पाजायला, लुगडे नीट करायला बायकांना आडोसा होतो. आमच्या मते या सगळ्या खटाटोपातली सर्वांत मोलाची वस्तू हा पडदाच आहे.

गाडी कशी उभी करायची तेही पाहावे. दुपारी ऊन पश्चिमेकडून येते, म्हणून सावली गाडीच्या पूर्वेला काढावी. मग गाडीचीच भिंत होते.

काही गोष्टी मात्र कटाक्षाने पाळाव्यात. वर विजेची तार असेल तिथे बांबू उभा करू नये. ताडपत्रीखाली स्टोव्ह पेटवू नये, प्लास्टिक पेटले की वितळून अंगावर पडते. माणसे बसलेली असताना इंजिन चालू ठेवू नये, हँडब्रेक ओढून चाकांना दगड लावावेत. वावटळ उठली तर आधी पुढचे बांबू आडवे करावेत. कोणाला गरगरले, कोणी असंबद्ध बोलू लागले, तर सावलीत आडवे करून अंग ओले करावे, वारा घालावा आणि वेळ न दवडता दवाखाना गाठावा.

आणखी एक. भाडे वाचते म्हणून काही मंडळी मालाचा टेम्पो ठरवतात. मालाच्या गाडीतून माणसे नेण्यास कायद्याने मनाई आहे, आणि अपघात झालाच तर विम्याच्या भरपाईला अडचण येते. वाचलेल्या भाड्यापेक्षा ते फार महाग पडते.

हे सामान एका घराने करावे असे नाही. विहारात एक गाठोडे बांधून ठेवले तर साऱ्या वस्तीला पुरते. परत आल्यावर ताडपत्री वाळवून, दोऱ्या मोजून ठेवण्याचे काम तरुण पोरांकडे द्यावे. आणि शेजारच्या गाडीतली एखादी म्हातारी उन्हात दिसली, तर तिने मागण्याची वाट न पाहता तिला आत बोलवावे.

तेव्हा यंदा वर्गणीची वही उघडाल, त्या वेळी गाडीभाड्याच्या खाली 'ताडपत्री व दोरी' अशी एक ओळ जरूर लिहा.

जयभीम.