बांधाआडचे पाणी कोणाच्या वहीत?



जून २०२५ च्या पहिल्या आठवड्यात हिंजवडीत पाऊस झाला आणि आयटी पार्कातले रस्ते ओढ्यासारखे वाहिले. वर्तमानपत्रांत फोटो आले, लोकांनी ‘वॉटर पार्क’ म्हणून थट्टा केली. मग चक्रे हलली. जुलैत मुख्यमंत्र्यांनी बैठक घेतली, उपमुख्यमंत्री भल्या सकाळी पाहणीला आले. रस्ते, गटारे, मेट्रो, अतिक्रमणे या सगळ्यांत मेळ घालण्याचे काम पीएमआरडीएच्या आयुक्तांकडे सोपवले गेले. ओढे-नाले बुजवल्याबद्दल काही बांधकामवाल्यांना नोटिसाही गेल्या. पहिल्या पाण्यापासून महिना-दीड महिन्यात एवढे घडले.

हे झाले याबद्दल आमची तक्रार नाही. संगणकापुढे बसणारी पोरे-पोरीही आपल्याच घरांतून गेलेली आहेत; त्यांनी गुडघाभर पाण्यातून गाडी ढकलावी असे कोणाला वाटेल? आमचा प्रश्न निराळा आहे. त्याच वर्षी, त्याच तालुक्यात, त्याच पावसाने आणखी एक नुकसान झाले होते आणि त्याला मेळ घालणारा कोणी मिळाला नाही.

२०२५ साली मे महिनाभर पाऊस कोसळला आणि २६ मेला मोसमी पाऊस पुण्यात पोचल्याचे हवामान खात्याने जाहीर केले. नेहमीपेक्षा हा पंधरवडाभर आधी. मुळशी-मावळातल्या भातकऱ्याला याचा अर्थ सांगायला नको. राब भाजून तयार होते, पण वाफसाच मिळाला नाही. धूळवाफेची पेरणी हुकली. ज्यांनी घाईने बी टाकले त्यांचे बी चिखलात कुजले. यावर उपाय नव्हता असे नाही. बियाण्याला मोड आणून चिखलणी केलेल्या वाफ्यावर फेकायचे, ही कोकणातली रहू पद्धत जुनीच आहे. पण ती सांगायची तर मे महिन्यात, बांधावर उभे राहून सांगायला हवी. जुलैच्या कार्यशाळेत सांगून काय उपयोग?

आता नुकसानीचा हिशेब पाहा. एका एकराच्या लावणीला चार गुंठ्यांची रोपवाटिका लागते. रोप गेले तर पंचनाम्यात क्षेत्र किती लिहायचे? चार गुंठे. पड राहिले किती? एकर. आणि त्याच उन्हाळ्यात सरकारने पीकविम्याचे नियम बदलले होते. २०२३ च्या खरिपात एक रुपयात विमा आला, २०२५ च्या खरिपात तो गेला, आणि जाताना पेरणीच न होणे, हंगामातली प्रतिकूल परिस्थिती, स्थानिक आपत्ती व काढणीनंतरचे नुकसान हे चारही आधार बरोबर घेऊन गेला. उरली ती पीक कापणी प्रयोगावरची भरपाई. पीक उभेच राहिले नाही तर कापायचे काय, हे टेबलामागे बसलेल्याला कोणी विचारले नसावे. एक खाते म्हणते हवामान बदलते आहे, सावध राहा. दुसरे खाते त्याच महिन्यात नेमके त्या बदलापासूनचे संरक्षण काढून घेते. दोघांची कपाटे शेजारी असतील, पण वह्या वेगळ्या.

आराखडा नाही म्हणून हे होते, असे कोणी समजू नये. आराखडा आहे. राज्य सरकारने टेरी या दिल्लीच्या संस्थेला हवामान बदलाचा अभ्यास करायला सांगितले, ब्रिटनच्या हवामान खात्याची त्यात मदत झाली. २०१४ साली अहवाल आला, त्यावर बेतलेला अनुकूलन कृती आराखडा २०१७ साली मंजूर झाला. अनुकूलन म्हणजे, वेळेत न पडणाऱ्या पावसाशी आणि वाढत्या उष्म्याशी शेती, पाणी, आरोग्य यांची जुळणी कशी करायची. पुढे पर्यावरण खात्याच्या नावात ‘वातावरणीय बदल’ हे शब्द आले. ऑक्टोबर २०२० मध्ये ‘माझी वसुंधरा’ अभियान निघाले. मग राज्य वातावरणीय कृती कक्षही उभा राहिला. नाव ठेवण्यात आपले सरकार कधीच कमी पडत नाही. तलाठी आता ग्राम महसूल अधिकारी झाला, कृषी सहायक सहायक कृषी अधिकारी झाला. त्यांच्या दप्तरात या आराखड्याची प्रत आहे का, एवढेच विचारून पाहा.

त्या अहवालात जिल्ह्यांची जोखीम मोजली होती. नंदुरबार सर्वांत जोखमीचा ठरला, सातारा सर्वांत कमी. नंदुरबारकरांना आधी मदत मिळावी याबद्दल दुमत नाही. पण जिल्ह्याची सरासरी ही मोठी फसवी चीज आहे. आपला पुणे जिल्हाच घ्या. ताम्हिणीच्या घाटमाथ्यावर वर्षाला काही हजार मिलिमीटर पाऊस, आणि बारामती-इंदापूरकडे पाचशेच्या आसपास. जुलै २०२४ मध्ये ताम्हिणीला एका दिवसात ५५६ मिलिमीटर पडला; इंदापूरच्या गावाला तेवढा वर्षभरातही पडेल याची खात्री नाही. यांची सरासरी काढून जो आकडा येतो त्या आकड्याचा पाऊस जिल्ह्यातल्या एकाही गावात पडत नाही. जागतिक बँकेच्या पैशातली कृषी संजीवनी योजना, म्हणजे पोकरा, २०१८ पासून चालू आहे. तिच्या पहिल्या टप्प्यात पुणे जिल्हा नव्हता, दुसऱ्यातही नाही. आपण श्रीमंत जिल्ह्यातले ना! हिंजवडीच्या काचेच्या इमारती आपल्या नावावर मांडल्या जातात, आणि मुळशीचे खाचर त्यांच्या सावलीत हिशेबाबाहेर पडते.

हा सगळा गोंधळ नीट पाहायचा तर हिंजवडीसारखी जागा नाही. नव्वदच्या दशकात इथे राजीव गांधी इन्फोटेक पार्क आला. त्याच्या हद्दीतले रस्ते आणि बांधकाम परवाने औद्योगिक विकास महामंडळाकडे. हद्दीबाहेरचे परवाने, २०१५ पासून, पीएमआरडीएकडे. काही रस्ते सार्वजनिक बांधकाम खात्याचे. गावठाणाची गटारे हिंजवडी, माण, मारुंजीच्या ग्रामपंचायतींची. नदी जलसंपदा खात्याची. खाली वाकडला पाणी पोचले की ते पिंपरी-चिंचवड महापालिकेचे. ही गावे महापालिकेत घ्या, ही जुनी मागणी त्या पावसात पुन्हा निघाली. जणू पाट्या बदलल्या की पाण्याचा उतार बदलेल. ओढ्याला मात्र यातले काही ठाऊक नाही. तो डोंगराच्या कुशीत उगवतो, पाच हद्दी ओलांडतो आणि मुळेला मिळतो. आमच्या कार्यकर्त्यांनी एका कचेरीत ओढ्याचा नकाशा मागितला, त्यांनी दुसरीकडे बोट दाखवले. तिथल्यांनी तिसरीकडे. शेवटी जुन्या गाव नकाशाची घडी एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या पेटीत सापडली. त्यावर ओढा होता. जमिनीवर त्या जागी दोन फुटी नळ आणि वर वाहनतळ.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येतो. भाताचे खाचर म्हणजे काय? शेतकऱ्याला वाटते पीक. कृषी खात्याला वाटते क्विंटल. विकास प्राधिकरणाला वाटते चटई क्षेत्र. आम्ही शेतीशास्त्र शिकलो तेव्हा पुस्तकातही एवढेच होते. पण खाचर ही पाण्याची टाकीसुद्धा आहे. एका एकराच्या खाचरात चार इंच पाणी उभे राहिले तर ते होते चार लाख लिटर. दहा हजार लिटरचे चाळीस टँकर. दिवसाला ६५ मिलिमीटर पाऊस झाला की सरकार त्याला अतिवृष्टी म्हणते. तेवढ्या पावसाचे एका एकरावर पडणारे पाणी भरते सव्वादोन-अडीच लाख लिटरच्याही वर. बांध शाबूत असेल तर ते सगळे तिथेच थांबते, जिरते, उरलेले सावकाश सांडते. ऑगस्टात खाचर आधीच भरलेले असते तेव्हा ही जागा कमी पडते, हे खरे. तरीही एका खाचरातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात उतरता उतरता पाण्याला वेळ लागतो, आणि पुरात वेळ हाच सगळा खेळ असतो.

माण-मारुंजीच्या सखल वावरांत भात होता, वर ज्वारी-हरभरा, पुढे कासारसाईच्या पाण्यावर ऊस. अशा शंभर एकरांवर काँक्रीट ओतले की चार कोटी लिटरची टाकी फुटली असे समजा. त्या टाकीची नोंद सातबारावर नाही, बिगरशेती परवान्याच्या अर्जात नाही, अनुकूलनाच्या आराखड्यात नाही. ती बुजली तेव्हा कोणाच्याच वहीत काही वजा झाले नाही. मग रस्त्यावर पाणी आले की सगळे विचारतात, एवढे पाणी आले कुठून? पाणी जितके होते तितकेच आहे. त्याला थांबवून धरणारा माणूस तेवढा उठवून लावला.

हॉलंड देशात हे उलट्या बाजूने झाले. नद्यांना मोकळी जागा द्यायची असे तिथल्या सरकारने ठरवले आणि ओव्हरडीप नावाच्या सखल भागातली शेती पुराच्या वेळी पाण्याखाली जाऊ द्यायची वेळ आली. तिथले शेतकरी स्वतः योजना घेऊन पुढे आले: आमची घरे आणि गोठे उंच मातीच्या ओट्यांवर नव्याने उभे करा, मग पूर आमच्या कुरणात येऊ द्या. काहींना गाव सोडावे लागले, सगळे गोड झाले असे नाही. पण वरच्या शेतकऱ्याने पाणी धरले तर खालचे शहर वाचते, आणि त्या कामाला मोल आहे, हे तिथे कागदावर आले. आपल्याकडे भाताला भाव मागितला की वर्षानुवर्षे टोलवाटोलवी. बांधाने धरलेल्या पाण्याचा दाम मागायचे अजून आपल्याला सुचलेले नाही.

इथे आपलेच काही मित्र हरकत घेतात. सरकारने शेतकऱ्याच्या पाठीवरून उतरावे असे आपण सांगत आलो, आणि आता तुम्ही आणखी एक समन्वय समिती मागता? हरकत वाजवी आहे. समित्यांचे काय होते ते आपण पाहिले आहे. जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा २००५ सालचा. त्याच कायद्याने मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली राज्य जलपरिषद नेमली, एकात्मिक जल आराखड्याचे काम तिच्यावर सोपवले. त्या परिषदेची पहिली बैठक २०१५ मध्ये झाली, तीही प्रदीप पुरंदरे यांच्यासारख्या जाणकाराने उच्च न्यायालयात धाव घेतल्यावर. आराखडा मंजूर व्हायला २०१८ उजाडले. तेव्हा नवी समिती आम्हाला नकोच आहे. पण ओढा ही एका शेतकऱ्याने एकट्याने राखायची गोष्ट नाही. मी माझ्या हद्दीत कितीही मोकळा ठेवला तरी खालच्याने बुजवला की पाणी माझ्याच खाचरात तुंबते. आणि बुजवणारा दर वेळी परका बिल्डरच असतो असेही नाही. गुंठेवारीचे प्लॉट पाडताना आपल्यातल्या काहींनीही ओढ्यावर मुरूम टाकला आहे. हे बैठकीत मोकळेपणाने बोललेच पाहिजे, नाहीतर सरकारकडे बोट दाखवण्याचा अधिकार आपल्याला राहणार नाही.

आमचे मागणे असे. आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हाधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली जिल्हा प्राधिकरण आहेच. त्याने रस्त्याची नव्हे, ओढ्याची जबाबदारी एका अधिकाऱ्यावर टाकावी, उगमापासून नदीपर्यंत, मध्ये कितीही हद्दी येवोत. हिंजवडीत एक अधिकारी नेमता येतो हे सरकारने दाखवून दिलेच आहे. फक्त त्याची नजर पार्काच्या फाटकाशी थांबू नये. पीएमआरडीएचा २०२१ चा प्रारूप विकास आराखडा हजारो हरकतींनंतर २०२५ मध्ये रद्द झाला. नवा आराखडा करताना गाव नकाशावरचा प्रत्येक ओढा त्यात आधी काढावा, रस्ते आणि झोन मागाहून. भातजमीन बिगरशेती करताना तिने धरलेले पाणी कुठे धरणार, हे अर्जदाराने लिहून द्यावे. जो भातकरी बांध राखेल त्याला एकरी मोबदला मिळावा, आणि तो अनुदान म्हणून नव्हे, कामाचा दाम म्हणून. रोपवाटिकेच्या नुकसानीचा पंचनामा चार गुंठ्यांचा नव्हे, त्या रोपावर लागणाऱ्या एकराचा व्हावा. आणि राज्य कृती कक्षाने मुंबईत बसून जिल्ह्याच्या सरासऱ्या काढण्यापेक्षा महसूल मंडळापर्यंत उतरावे. पर्जन्यमापक मंडळावर आहे, अतिवृष्टी मंडळावर ठरते, मग तयारी तरी जिल्ह्यावर का?

यातली पहिली दोन कामे सरकारच्या आधी आपण सुरू करू शकतो. जिल्हा बैठकीला येताना मुळशी आणि मावळच्या प्रत्येक गावाने जुन्या गाव नकाशाची प्रत आणावी. ज्यांच्याकडे नसेल त्यांनी भूमी अभिलेख कार्यालयात आजच अर्ज टाकावा. नकाशावर तीन रंगांनी खुणा कराव्यात: वाहता ओढा निळा, अरुंद झालेला पिवळा, बुजलेला तांबडा, आणि प्रत्येक खुणेपाशी गटनंबर. बांध शाबूत असलेल्या खाचरांचे एकर वेगळ्या कागदावर लिहावेत. माण, मारुंजी, नेरे, जांबे इथल्या कार्यकर्त्यांनी एक दिवस आधी यावे. त्यांच्या नकाशांवर तांबडा रंग जास्त लागणार आहे, आणि ते काम रात्रीतून उरकणारे नाही.