पत्रिकेला जोडलेला नवा कागद

हे लिहावं की नको, यात चार दिवस गेले. सूनबाई म्हणाली, "आई, तुमचा ब्लॉग सगळे नातेवाईक वाचतात हो!" वाचतात, म्हणूनच लिहितेय. ज्यांना विषय अडचणीचा वाटेल त्यांनी मागच्या महिन्यातला खाडीवरच्या पक्ष्यांचा लेख पुन्हा वाचावा.

तर झालं असं. माझा एक जुना विद्यार्थी परवा कोलशेतला घरी आला. पंचेचाळिशी उलटलेली, घटस्फोट होऊन बरीच वर्षं झालेली. दुसरं लग्न ठरत आलं होतं. तिचंही दुसरंच. तिच्या भावाने अट घातली, आधी सगळ्या तपासण्या करून रिपोर्ट दाखवा. याने मुकाट्याने पॅकेज घेतलं, रक्त दिलं. रिपोर्टात एका ओळीत ठळक अक्षरांत आलं : हर्पिस, पॉझिटिव्ह. बोलणी थांबली. "बाई, मी तसा माणूस नाही हो," एवढं म्हणून तो गप्प बसला. (त्याला विचारूनच लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत.)

तसा म्हणजे कसा? या एका शब्दावर माझा सगळा राग आहे.

मी मराठी आणि इतिहास शिकवणारी बाई, मला त्या कागदातलं काय कळणार! पण वाचता येतं. लिहिलं होतं 'एचएसव्ही टाइप १, आयजीजी'. दुसऱ्या दिवशी त्याला घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "लहानपणी ताप आला की ओठाच्या कडेला फोड यायचे का?" यायचे! शाळेत मीच पाहिलेत. आपल्याकडे आया म्हणायच्या, आतला ताप बाहेर पडला. तोच हा टाइप १. बहुतेकांना तो लहानपणीच, लाड करणाऱ्या कुणाच्या तरी पाप्यातून मिळतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगातल्या पन्नाशीच्या आतल्या ६४ टक्के लोकांच्या अंगात तो आहे. एवढे सगळे 'तसे'?

शिवाय त्या घरात कुणीतरी सांगितलं की हर्पिस म्हणजे नागीण. नागीण वेगळी. ती कांजिण्यांच्या विषाणूची. नाव तेवढं इंग्रजीत सारखं.

आता दुसरी बाजूही सांगते, नाहीतर म्हणाल बाई विद्यार्थ्याची वकिली करतायत. टाइप २ हा मुख्यतः शरीरसंबंधातून पसरतो. टाइप १ सुद्धा तोंडावाटे खाली जाऊ शकतो. एकदा आला की मज्जातंतूंच्या मुळाशी जन्मभर दडून राहतो आणि अंगावर एकही फोड नसताना दुसऱ्याला लागू शकतो. बऱ्याच जणांना आपल्याला तो आहे हेच माहीत नसतं. म्हणजे 'मला काही होत नाही' या वाक्यालाही फारसा अर्थ नाही. निरोधने धोका कमी होतो, पूर्ण जात नाही. टाइप २ असलेल्याने व्हॅलासायक्लोविरची गोळी रोज घेतली तर जोडीदाराला लागण होण्याचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर येतं, हे २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. आणि बाईला गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत पहिल्यांदा लागण झाली तर बाळाच्या जिवावर बेतू शकतं. तेव्हा विचारणं चूक मुळीच नाही.

चूक आहे ती कागदाला विचारणं. रक्ताची ही तपासणी फोड कुठे येतात, कधी आणि कोणाकडून आला, यातलं काहीही सांगत नाही. लागण ताजी असेल तर दोन-तीन महिने ती निगेटिव्हच दाखवू शकते. टाइप २ चा आकडा जेमतेम पॉझिटिव्ह असेल तर तो खोटाही निघतो. म्हणून तर अमेरिकेतल्या रोगप्रतिबंधक तज्ज्ञगटाने २०१६ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये सांगितलं, की लक्षणं नसलेल्यांची ही तपासणी सरसकट करू नका. फोड आला असेल तर त्यातला स्राव ताजेपणी तपासावा, ते खरं. एचआयव्हीचं वेगळं. ती तपासणी दोघांनी जरूर करावी, सरकारी केंद्रात मोफत होते. सिफिलिस, कावीळ बी यांचीही करावी. पण सगळं एका गाठोड्यात बांधून 'पास की नापास' विचारायचं, हा पत्रिकेचाच नवा अवतार झाला. मंगळ होता, आता हर्पिस!

आणि एक, त्या बाईंचा रिपोर्ट कुणी मागितला? नाही. भाऊ बोलला, काका बोलले, मध्यस्थ बोलले. ज्या दोघांना एका पांघरुणात झोपायचंय ते दोघं मात्र या विषयावर एक शब्द बोलले नव्हते.

र. धों. कर्वे याच मुंबईत १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' काढत होते. गुप्तरोगांपासून बचाव कसा करावा यावर त्यांनी पुस्तक लिहिलं, तेही मराठीत. गणिताचा प्राध्यापक, नोकरी गेली, खटले झाले. एका खटल्यात डॉ. आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. आणि आपण अजून 'गुप्तरोग' हा शब्द लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या जाहिरातींत वाचतो आणि नजर खिडकीबाहेर वळवतो. मीही वळवत होते. तीसेक वर्षं वर्गात शिकवलं, पण शरीररचनेचा धडा विज्ञानाच्या बाई गाळतात हे माहीत असून स्टाफरूममध्ये कधी तोंड उघडलं नाही. त्या गाळलेल्या धड्यातलाच हा मुलगा.

असो. मी त्याला एवढंच म्हटलं, "अरे, भावाला नको, तिला फोन कर. ओठावर फोड येतात हे सांग, आले की चार दिवस लांब राहीन हेही सांग. आणि तिलाही विचार." त्याने केला. तासभर बोलले म्हणे. पुढच्या आठवड्यात दोघं मिळून डॉक्टरांकडे जाणार आहेत.

तिने नंतर भावाला विचारलं, "दादा, दर उन्हाळ्यात तुझ्या ओठावर येतं ते काय रे?" दादांनी अजून उत्तर दिलेलं नाही.