मत मागितलंय, द्या की!

रात्री साडेअकराला दिवसाचा दीड जीबी संपतो आणि वेब सिरीज ऐन रंगात आलेली असताना स्क्रीनवर चकरी फिरायला लागते. मग रूममेटच्या हॉटस्पॉटसाठी विनवण्या सुरू. पण एक गोष्ट कधी लक्षात आलीय? त्या दीड जीबीत काय बघायचं, हे तुमची मोबाइल कंपनी ठरवत नाही. लेक्चर बघा, मॅच बघा, नाहीतर मांजरांचे व्हिडिओ बघा. एक एमबी म्हणजे एक एमबी. हे आपोआप झालेलं नाही, दोस्तांनो. तुमच्याआधीच्या पिढीने त्यासाठी मेल लिहिले होते.

मार्च 2015. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘ट्राय’ने, 118 पानांचं एक चर्चापत्र काढलं. शेवटी 20 प्रश्न. व्हॉट्सॲप, स्काइपसारख्या ॲप्सना परवाना लागू करायचा का? वेगवेगळ्या साइटसाठी वेगवेगळा दर लावू द्यायचा का? कंपन्यांचं म्हणणं असं की जाळं आम्ही उभारायचं, स्पेक्ट्रमचे पैसे आम्ही मोजायचे आणि कमाई ॲपवाल्यांनी करायची, हे कसं चालेल? मुद्दा अगदीच खोटा नव्हता. पण त्याचा शेवट असा होता की ज्याच्याकडे पैसा त्याची साइट फुकट आणि झटपट उघडणार. नव्याने धंदा सुरू करणारा मात्र दाराबाहेरच.

118 पानं कोण वाचणार? काही स्वयंसेवकांनी ती वाचली, सोप्या भाषेत मांडली, प्रश्नवार उत्तरं तयार केली. विनोदी व्हिडिओ आले, कट्ट्यांवर चर्चा झडल्या आणि ट्रायकडे दहा लाखांहून जास्त ईमेल गेले. 8 फेब्रुवारी 2016 रोजी नियम आला : मजकूर बघून डेटाचा दर बदलता येणार नाही. मोडलात तर दिवसाला 50 हजार, कमाल 50 लाख रुपये दंड. फेसबुकला आपलं ‘फ्री बेसिक्स’ भारतातून गुंडाळावं लागलं.

या गोष्टीत एक मेख आहे. फेसबुकनेही आपल्या वापरकर्त्यांकडून ट्रायला ढिगाने संदेश पाठवले होते. त्यावर ट्रायने सुनावलं की, आम्ही विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं यात नाहीत. म्हणजे नुसती डोकी मोजून भागत नाही. प्रश्न वाचून दिलेल्या उत्तराला वजन असतं.

आता पुढचं बघा. 1885चा तार कायदा आठवतोय? बरोबर, तुमच्या पणजोबांच्याही आधीचा. त्याच्या जागी दूरसंचार कायदा 2023 आला. त्याचा मसुदा 2022मध्ये लोकांपुढे ठेवला होता; पण प्रत्यक्ष विधेयक 18 डिसेंबर 2023ला लोकसभेत मांडलं गेलं आणि 21 तारखेला राज्यसभेतूनही पार झालं. तेव्हा विरोधी पक्षांचे शंभरहून जास्त खासदार निलंबित होते. नेट कधी बंद करता येईल, संदेश कधी तपासता येतील, याचे अधिकार या कायद्यात आहेत. खोटी कागदपत्रं देऊन सिम घेतलं तर तीन वर्षांपर्यंत कैद, 50 लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, हेही त्यातच.

टीव्ही आणि ओटीटीचं त्याहून अवघड. 1995च्या केबल कायद्याच्या जागी आणायच्या प्रसारण विधेयकाचा मसुदा नोव्हेंबर 2023मध्ये सगळ्यांसाठी खुला होता. जुलै 2024मध्ये सुधारित मसुदा मात्र निवडक मंडळींनाच मिळाल्याच्या बातम्या आल्या. यूट्यूबवर चालू घडामोडींवर बोलणारी मुलंमुलीही त्या कक्षेत येतील, अशी धास्ती होती. ओरड झाली आणि ऑगस्टमध्ये तो मागे घेतला गेला.

नियमन नकोच, असं आम्ही म्हणत नाही. बनावट सिमवरून आजीच्या पेन्शनवर डल्ला मारणाऱ्याला चाप हवाच. पण चाप कुणाच्या हातात आणि त्याच्यावर लक्ष कुणाचं, हे विचारायला नको का? 1993च्या हिरो कप क्रिकेट स्पर्धेच्या प्रक्षेपणावरून दूरदर्शन आणि बंगालची क्रिकेट संघटना यांच्यात जुंपली होती. त्या खटल्यात 1995मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. ती सरकारच्या एकट्याच्या मालकीची नाही आणि कंपनीच्याही नाही. घर आपलं असेल तर घराचे नियम ठरताना आपण बाहेर ओट्यावर बसून कसं चालेल?

कायद्यात बऱ्याच कलमांपुढे ‘विहित केल्याप्रमाणे’ असे दोन शब्द असतात. खरी गंमत तिथेच आहे. बारकावे नंतरच्या नियमांत ठरतात आणि त्या नियमांचे मसुदे गुपचूप राजपत्रात येऊन पडतात. विधेयकांचे मसुदे किमान 30 दिवस लोकांसाठी खुले ठेवावेत, असं केंद्राचं 2014पासूनचं धोरण आहे. ट्राय तर आलेली मतं आपल्या साइटवर टाकतं, त्यावर प्रतिमतं मागवतं, खुली चर्चाही घेतं.

तेव्हा एवढंच करा. चारपाच जण जमा. लॉ, मास मीडिया, इंजिनीअरिंग, कॉमर्स असे वेगवेगळ्या शाखांचे असाल तर उत्तमच. ट्रायचं एक चर्चापत्र उघडा, वीसपैकी दोनच प्रश्न निवडा आणि स्वतःच्या शब्दांत उत्तर लिहा. गावाकडे रेंज येत नाही, घरच्या केबलचं बिल का वाढलं, तुमच्या चॅनेलला कशाची भीती वाटते, हे दिल्लीतल्या वकिलापेक्षा तुम्हाला जास्त ठाऊक आहे. आणि एखादा मसुदा दारं लावून ठरतोय असं कळलं, तर ‘तो आम्हाला दाखवा’ एवढं तरी नक्की लिहा.

दीड जीबी संपायच्या आत एक मेल सहज जातो.