परसाची चतुःसीमा आणि पळणारा कुत्रा

आपण शेतकरी लोक बैलासाठीं गोठा बांधतों, धान्यासाठीं कणगी करतों, पिकाभोंवतीं कुंपण घालतों. परंतु ह्या सर्वांची रात्रंदिवस राखण करणाऱ्या कुत्र्यासाठीं एक सांखळी विकत आणली, कीं आपलें कर्तव्य संपलें असें समजतों. पुढें तो गळपट्ट्यांतून मान काढून पळाला, म्हणजे "जातच ओढाळ" असें म्हणून मोकळे होतों. ओढाळ बैल दुसऱ्याच्या पिकांत शिरला, तर गांव बैलाला बोल लावीत नाहीं, धन्याला लावतें. मग कुत्र्याच्या बाबतींत हा न्याय उलटा कां असावा? माझें मत असें आहे कीं, पळणारा कुत्रा हा बहुधा सदोष परसाचा पुरावा असतो. परस जसेंच्या तसें ठेवून सांखळी जड करणें म्हणजे आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं.

आपल्या कोल्हापूर-सांगलीकडे व पलीकडे विजापूर-बागलकोटापर्यंत कारवानी कुत्र्याची हौस जुनी आहे. मऊ लांब केंसांचा तो पश्मी. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे ह्यांनीं ह्या जातीची जोपासना केली, म्हणून तिला मुधोळ हें नांव मिळालें. 2005 सालीं भारतीय टपाल खात्यानें तिचें तिकीटहि काढलें. हा कुत्रा वासापेक्षां नजरेनें शिकार करणारा आहे. दूरवर ससा किंवा मांजर हललेलें दिसलें, कीं तो सुटतो, आणि मग धन्याची हांक त्याच्या कानांत शिरत नाहीं. खांद्यापाशीं 27-28 इंच उंच असणाऱ्या ह्या प्राण्यास चार फुटी गडगा म्हणजे उंबरठाच. शिवाय ससा हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें संरक्षित आहे. तेव्हां "जरा शिकार करून येईल" म्हणून त्याला मोकळा सोडण्याचे दिवसहि आतां राहिले नाहींत.

बाहेर त्याच्यासाठीं काय वाढून ठेवलें आहे, हें कोडोलीकरांस सांगावयास नको. पुणें-बंगळूर महामार्ग आणि कोल्हापूर-रत्नागिरी रस्ता ह्यांना जोडणारा वाठार-बोरपाडळे रस्ता आपल्या गांवावरून जातो. गाळपाचा हंगाम लागला, म्हणजे दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर त्यावर रात्रीं-अपरात्रीं चालू असतात. परंतु कुत्र्याचा जीव जाणें एवढेंच संकट नाहीं. दुसऱ्याचा जीव धोक्यांत येणें हें त्याहून मोठें. तें मला कसें कळलें, हें लाज सोडून येथें लिहितों.

माझा कारवानी कुत्रा एका हंगामांत महिनाभरांत तीन वेळां पळाला. पहिल्या वेळीं शेजाऱ्यांच्या दोन कोंबड्या गेल्या. त्या पैसे देऊन मिटल्या. दुसऱ्या वेळीं तो लंगडत परत आला. दोन्ही वेळां मीं फाटकास दोष दिला व त्यास एक-एक कुलूप वाढविलें. तिसऱ्या वेळीं तो ओढ्यापलीकडे ऊसतोड मजुरांच्या खोपींत शिरला आणि भाकरी खात बसलेल्या पांच वर्षांच्या मुलाच्या पोटरीस चावला. कुत्र्यास द्यावयाची रेबीजची वार्षिक लस मीं "आज देऊं, उद्यां देऊं" करीत दोन महिने लांबविली होती. जखमेंत हळद भरलेली होती. ती धुऊन काढून मुलाला घेऊन रुग्णालयांत गेलों. तेथें त्यास जखमेंत सीरम व दंडांत लस टोंचली. पुढच्या प्रत्येक सुईच्या दिवशीं त्याची आई कोयता खालीं ठेवून येई, आणि नवरा-बायकोच्या जोडीचा दिवस बुडे. त्या मजुरीचे पैसे मीं दिले, परंतु ती माउली दर वेळीं एकच प्रश्न विचारी, "कुत्रं बरं हाय न्हवं, आण्णा?" त्याचें उत्तर देतांना माझी मान वर होत नसे.

कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवावयाची होती. रेबीजची लक्षणें एकदां दिसूं लागलीं, कीं माणूस वांचत नाहीं म्हणण्यासारखीच स्थिति असते. म्हणून रोज पहांटे उठून तो पाणी पितो कीं नाहीं, हें मी कंदील घेऊन पाहत असें. कुत्रा निरोगी राहिला, मूलहि सुखरूप राहिलें. महसूल खात्यांत असतांना दुसऱ्यांच्या नुकसानीचे पंचनामे मीं पुष्कळ लिहिले होते. आपल्या परसाचा एकहि लिहिला नव्हता. अकराव्या दिवशीं तो लिहावयास घेतला.

पूर्वेस फाटक व रस्ता: फाटक शाबूत, कुलुपें दोन. दक्षिणेस शेजाऱ्यांची भिंत: उंची पुरेशी, परंतु मोरीच्या तोंडाशीं माती उकरलेली, नखांचे ओरखडे ताजे. पश्चिमेस ओढ्याकडील पांच फुटी गडगा: त्यास टेकून शेणींचा ढीग, वरच्या शेणी चुरडलेल्या, चुऱ्यांत पावलांचे ठसे. उत्तरेस उसाच्या बाजूची कांटेरी तार: दुसऱ्या पदरास केंसांचा झुबका. म्हणजे कुत्र्याला वाटा तीन होत्या, आणि ज्यास मीं आरोपी केलें तें फाटक निर्दोष होतें. फाटकाला दोन कुलुपें आणि पश्चिमेस जिना, असा माझा बंदोबस्त होता! म्हणून वाचकांस पहिली विनंति ही, कीं पैसा खर्च करण्यापूर्वीं एकदां परसाच्या चारही बाजू वांकून, कुत्र्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून पाहाव्या. पाऊस पडून गेल्यावर पाहिल्यास ठसे आपण होऊन साक्ष देतात.

आतां एकेका बाजूचा उपाय. वरून उडी घेणाऱ्यासाठीं गडगा किंवा जाळी सहा फुटांपर्यंत न्यावी, आणि माथ्यावर दीड फूट जाळी आंतल्या बाजूस कलती बसवावी. उडी घेऊं पाहणाऱ्याच्या डोक्यावर ती छपरासारखी येते. कडब्याची गंजी, शेणी, सरपण, उभी गाडी ह्यांपैकीं कांहींहि कुंपणापासून सहा फुटांच्या आंत ठेवूं नये. ह्या शेवटच्या उपायास एक पैसाहि लागत नाहीं, आणि माझ्या परसांत मुख्य चोरवाट तीच होती.

आरपार जाणाऱ्यासाठीं दोन इंची डोळ्यांची तारेची जाळी लावावी व कांटेरी तार काढून टाकावी. कारवानीची कातडी पातळ असते. कांट्यानें फाटते आणि पावसाळ्यांत जखमेंत किडे पडतात. जिवंत कुंपण हवें असेल, तर शेर लावूं नये, कारण त्याचा चीक डोळ्यांस घातक. कण्हेरहि नको, ती विषारी. करवंद किंवा मेंदी जाळीच्या बाहेरून लावावी. जाळींत घरची वीज सोडण्याचा विचार तर मनांतहि आणूं नये. त्यानें माणसें मरतात, आणि तो गुन्हा आहे.

खालून उकरणाऱ्यासाठीं दीड फूट चर खणून जाळी जमिनींत गाडावी. तें न जमल्यास जाळीचा दोन फूट पदर आंतल्या बाजूस जमिनीवर अंथरून त्यावर दगड रचावे. आपली काळी जमीन उन्हाळ्यांत भेगाळते आणि पावसांत लोण्यासारखी होते. म्हणून दर वर्षीं मृगापूर्वीं हा पाया तपासावा. मोरीच्या तोंडास लोखंडी गज बसवावे.

राहिलें फाटक. माझें निर्दोष ठरलें, तरी सर्वांचीं तशीं नसतात. गडी वैरणीचा भारा घेऊन आंत येतो, दोन्ही हात गुंतलेले, आणि पायांमधून कुत्रा बाहेर! ह्यावर जुन्या लोकांनीं उपाय करून ठेवला आहे. पन्हाळ्याच्या तीन दरवाज्यांत एका दारांतून शिरलें, तरी लगेच गड हातीं लागत नाहीं; मध्यें चौक, आणि पुढें दुसरें दार. आपल्या फाटकाच्या आंत चार-पांच फुटांवर जाळीचें दुसरें लहान दार करावें, आणि एक लागल्याखेरीज दुसरें उघडूं नये असा घरांत नियम ठेवावा. कडी उचलून उघडावयाची नसावी, खिळ घालून अडकवावयाची असावी. उचलण्याची कडी कुत्रा नाकानें उघडावयास शिकतो. ह्या हद्दीच्या आंत विहीर किंवा हौद असल्यास कठडा व झांकण करावें. उंदरांचें विष आणि कीटकनाशकांचे रिकामे डबे तेथें ठेवूं नयेत. सांवली आणि ताजें पाणी दिवसभर असावें.

कोणी म्हणेल, एवढ्या खटाटोपापेक्षां सांखळी काय वाईट? तिचे दोष तीन. पहिला असा, कीं सदा बांधलेला कुत्रा चिडका होतो, आणि सुटला म्हणजे अधिक दूर जातो. दुसरा कायद्याचा: अवाजवी आंखूड किंवा जड सांखळीनें प्राण्यास अवाजवी काळ बांधून ठेवणें हा प्राण्यांना क्रूरतेनें वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या कायद्यानें गुन्हा आहे. उलट, आपल्या ताब्यांतील प्राण्यापासून माणसास धोका पोंचूं नये अशी खबरदारी न घेणाऱ्यास, 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या 291 व्या कलमानें सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पांच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊं शकतात. म्हणजे कायदा बांधूनहि ठेवूं देत नाहीं आणि मोकाटहि सोडूं देत नाहीं. मध्यें उरतें तें एक नीट कुंपण.

तिसरा दोष बिबट्याचा. वारणेच्या वरच्या अंगास चांदोलीचें जंगल आहे, आणि बिबट्या तर आतां उसांतच पिलें घालूं लागला आहे. विद्या अत्रेय व त्यांचे सहकारी ह्यांनीं आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यांतील अकोले भागांत केलेला अभ्यास 2014 सालीं प्रसिद्ध झाला. तेथील बिबट्याच्या आहारांत वजनाच्या मानानें सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा, शेंकडा 39, आढळला. अंगणांत सांखळीनें बांधलेला कुत्रा ना पळूं शकतो, ना लढूं शकतो. तें बिबट्यापुढें मांडलेलें ताट होय. म्हणून रात्रीं त्यास छप्पर व दार असलेल्या खोपटांत किंवा गोठ्यांत बंद करावें. उघडें कुंपण बिबट्यास अडवीत नाहीं.

कुंपणानें वाट बंद होते, इच्छा बंद होत नाहीं, हेंहि ध्यानांत ठेवावें. नर कुत्रा माजावरील कुत्रीच्या वासानें पळतो. प्रजा घ्यावयाची नसेल, तर पशुवैद्याकडून निर्बीजीकरण करून घ्यावें. फटाके आणि लग्नाचा बाजा ह्यांच्या भीतीनें पळतो. त्या दिवशीं त्यास घरांत घ्यावें. आणि पुष्कळदां तो केवळ कंटाळून पळतो. धांवण्यासाठीं जन्मलेल्या प्राण्यास सकाळ-सायंकाळ दोरीनें धरून कोसभर फिरवून आणलें, तर त्याच्या पळण्याचें अर्धें कारण तेथेंच जिरतें.

खर्चाचा प्रश्न खरा आहे. परंतु सबंध परस बंदिस्त करण्याची गरज नाहीं. वीस फूट रुंद व तीस फूट लांब तुकडा घेतला, तर कुंपण शंभर फूटच भरतें. त्यांत घराची किंवा गोठ्याची एक भिंत धरली, तर आणखी कमी. शिवाय, आपल्या मंडळानें सभासदांची मागणी एकत्र करून जाळी घाऊक आणवावी, अशी माझी सूचना आहे. खत-बियाण्यास जें करतों, तें जाळीस कां करूं नये? तसेंच दर वर्षीं 28 सप्टेंबरला, म्हणजे जागतिक रेबीज दिनीं, पशुवैद्यांस बोलावून गांवांतील सर्व पाळीव कुत्र्यांस एकाच दिवशीं लस टोंचवावी. म्हणजे माझ्यासारख्याची टाळाटाळ चालणार नाहीं. आणि प्रत्येक घरांत हें माहीत असावें, कीं कुत्रा चावल्यास जखम वाहत्या पाण्यानें व साबणानें पंधरा मिनिटें धुवावी, हळद, चुना कांहीं भरूं नये, आणि त्याच दिवशीं दवाखाना गांठावा.

हंगाम संपला, तेव्हां ती मजुरांची टोळी आपल्या गांवीं परत गेली. निघण्यापूर्वीं तो मुलगा बापाबरोबर आमच्या फाटकाशीं आला आणि जाळीबाहेरून कुत्र्याकडे बराच वेळ पाहत उभा राहिला. कुत्रा आंत होता, मुलगा बाहेर होता, आणि मध्यें दोन इंची डोळ्यांची जाळी होती. ती तीन महिने आधीं तेथें असावयास हवी होती, एवढेंच माझें म्हणणें आहे.

— एक निवृत्त महसूल कारकून, कोडोली