पाच वॅट आणि पंगत

शिकागोच्या डेव्हन ॲव्हेन्यूवर किराणा घ्यायला गेलं की कुणीतरी मराठी भेटतंच. मी हॅम रेडिओवाला आहे, उपग्रहातून बोलतो, हे कळलं की पहिला प्रश्न ठरलेला: "मग पुण्याला घरी बोलता येतं का?" येत नाही म्हटलं की दुसराही ठरलेला: "मग उपयोग काय?"

पहिल्याचं उत्तर भूमितीत आहे. हौशी लोकांचे बहुतेक उपग्रह ५००-८०० किलोमीटर उंचीवरून जातात. तिथून एका वेळी साधारण पाच-सहा हजार किलोमीटर व्यासाचा प्रदेश दिसतो. शिकागो-पुणे अंतर १२ हजारांच्या वर. म्हणजे दोन्ही गावं एकदम त्याच्या नजरेत येणं शक्यच नाही. शिवाय एका फेरीत तो आपल्या आकाशात असतो जेमतेम १०-१५ मिनिटं.

दुसऱ्या प्रश्नाला आपल्याकडे आपत्तीचं उत्तर देतात. २००१ च्या भूज भूकंपात हॅम मंडळींनी केलेलं काम मोलाचं होतंच. पण माझ्या मते खरा उपयोग रोजचा आहे: इंजिनिअर घडवण्याचा.

आपल्या इस्रोचंच उदाहरण घ्या. ५ मे २००५ रोजी कार्टोसॅट-१ सोबत 'हॅमसॅट' श्रीहरिकोटाहून वर गेला. वजन ४२.५ किलो. त्यात एक ट्रान्सपाँडर भारतीय, दुसरा एका डच विद्यार्थ्याने बनवलेला. ७० सेंटिमीटर बँडवर ऐकायचं आणि २ मीटरवर परत पाठवायचं, हे त्याचं काम. परत पाठवायची शक्ती सुमारे एक वॅट! आणि ती एकाच वेळी बोलणाऱ्या सगळ्यांनी वाटून घ्यायची. कुणी शंभर वॅट लावून ओरडू लागला, तर बराचसा वाटा त्यालाच जातो आणि बाकीच्यांचे आवाज दबतात. पंगतीत एकानेच श्रीखंडाचं पातेलं पुढ्यात ओढावं, तसं.

म्हणून शिस्त अशी की लागेल तेवढीच शक्ती वापरायची. पाच वॅट पुरतात. मात्र मग अँटेना नीट जुळवावी लागते, ती हाताने उपग्रहामागे फिरवावी लागते, आणि डॉप्लरमुळे सरकणारी फ्रिक्वेन्सी सतत सावरावी लागते. ४३५ मेगाहर्ट्झवर ती एका फेरीत दोन्ही बाजूंना मिळून जवळपास २० किलोहर्ट्झ सरकते. परीक्षेत चार मार्कांना येणारा डॉप्लर इथे बोटांना कळतो.

"ऐकू येत नाही? मग आवाज वाढव" ही आपली सवय. इथे ती चालत नाही. आधी ऐकणं सुधारावं लागतं.

दोन वर्षांसाठी बनवलेला हॅमसॅट नऊ वर्षं चालला आणि जुलै २०१४ मध्ये बॅटरी गेल्यामुळे थांबला. २०१६ मध्ये पुण्याच्या सीओईपीच्या विद्यार्थ्यांचा जेमतेम किलोभराचा 'स्वयम्' हॅम बँडवरच्या संदेशांसाठी वर गेला. म्हणजे अवघड ते आपण करून दाखवलं आहे. राहिलंय ते सोपं: प्रत्येक इंजिनिअरिंग कॉलेजात परीक्षा देऊन परवाना काढलेली दहा मुलं, आणि मोजायच्या पोलादी टेपच्या तुकड्यांची एक अँटेना. याला मोठा निधी लागत नाही. लागतो तो संध्याकाळी गच्चीची किल्ली देणारा एखादा प्राध्यापक.

तुमच्या ओळखीत असा कुणी असेल, तर त्यांना विचारून बघा.